पिवळ्या दिव्यावरची काळी पट्टी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणारे आमचे मोठे साहेब, पहिल्या रांगेतल्या सौभाग्यवती वहिनी, आणि पंख्याखालच्या जागा धरून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

वाहन विभागाच्या प्रमुखाला, म्हणजे मला, साहेबांविषयी चार शब्द बोलायला उभं केलंत, हा मी माझा बहुमान समजतो. अध्यक्षांनी आवरतं घ्यायला सांगितलंय. बघू.

साहेब शांत वृत्तीचे. तक्रार दिसली नाही की ती नाही, ही त्यांची श्रद्धा. लिफ्टचा लाल दिवा लागला, चिकटवा काळी पट्टी. पाण्याच्या टाकीचा लागला, चिकटवा पट्टी. त्या दिवशी आपण सगळे जिन्यावरून जवळजवळ पोहतच खाली आलो, आठवतं ना? हसू नका, वहिनी बघताहेत.

आता साहेबांची गाडी, जी कंपनी आज त्यांना प्रेमाने भेट देत आहे. एकदा ओल्या उतारावर साहेबांनी करकचून ब्रेक दाबला आणि पेडल पायाखाली थरथरलं. अहो, ते थरथरणं म्हणजे एबीएसची तब्येत ठणठणीत! चाकं जाम होऊन घसरू नयेत म्हणून ती ब्रेक भराभर धरते, सोडते. पण साहेब म्हणाले, "गाडी घाबरट आहे. तिची भीती काढा." मी रजेवर. मग पंखे दुरुस्त करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने फ्यूज उपटून भीती काढली. लगेच पिवळा दिवा लागला. पुढे त्या दिव्याचं काय झालं, हे मी सांगायला हवं का?

गेल्या महिन्यात फाटकापाशी चाकं जाम झाली. साहेबांनी स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी कसली ऐकतेय? सरळ गुलाबांत. दुसऱ्या दिवशी माळ्याला विचारणा झाली, की बाग रस्त्याकडे का सरकली? बिचाऱ्याने माफी मागितली आणि बाग दोन फूट मागे घेतली.

आज सकाळी मी पट्टी काढली, फ्यूज बसवला. दिवा विझेना. चाकाजवळच्या सेन्सरची वायर तुटलीय. अर्धी गुलाबाच्या मुळांत सापडली. नवी उद्या येईल.

"साधा ब्रेक लागतो की!" असं साहेब आत्ता पुटपुटले. लागतो, साहेब. पण तुम्ही इथून थेट वहिनींना घेऊन लेकीकडे निघालात, घाट उतरून. तिथे मागे सरकायला बाग नाही, दरी आहे.

म्हणून सांगतो, मघाशी टाळ्यांच्या गजरात तुम्हाला दिलेली मखमली पेटी रिकामी आहे. अध्यक्ष महोदय, माझ्याकडे असं बघू नका. साहेब, आयुष्यभर तुमचा शब्द झेलला. आज पहिल्यांदाच मोडतोय, कारण तुम्ही दोघं आम्हाला हवे आहात. वहिनी, रिक्षा दाराशी उभी आहे.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. पण किल्ली मागू नका.