चौथ्या पट्टीची शिवण

जबाब, तारीख १३, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

मी, धक्क्यावर ‘शिडवाले आजोबा’ या नावाने ओळखला जाणारा, वय ७४ वर्षे, धंदा शिडे व ताडपत्र्या शिवणे (नजर अधू झाल्याने दीड वर्षापासून बंद), राहणार धक्क्यामागील गल्ली, दोरखंडाच्या दुकानावर, पहिला मजला, आज आपण होऊन पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. खोलीत एक लांब टेबल, एक शिवणयंत्र व दोन खिडक्या आहेत. समुद्र फक्त डावीकडच्या खिडकीतून दिसतो, म्हणून टेबल त्या खिडकीशी लावलेले आहे. बेचाळीस वर्षांत मी शंभरावर शिडे शिवली, परंतु शिडाच्या होडीत मी कधी बसलो नव्हतो. सवड झाली नाही असे मी लोकांना सांगत असे. खरे कारण भीती. तसे लिहून घेण्यास माझी हरकत नाही.

निळ्या होडीचे शीड हे मी शिवलेले शेवटचे शीड. होडीचे मालक लोकांना समुद्रात फिरवून आणण्याचा व्यवसाय करतात. त्यांच्या एकूण चार होड्या असून चारही शिडे माझ्या हातची आहेत. निळी होडी चालवणाऱ्या मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. ती सहा वर्षे त्यांच्याकडे कामाला आहे.

काल, तारीख १२ रोजी, पत्नी मला म्हणाली, “आपल्या हातचं शीड वाऱ्यावर कसं दिसतं ते एकदा बघून घ्या. डोळे काय तुमची वाट बघत थांबणार आहेत?” दुपारी साडेतीन वाजता आम्ही दोघे भिंगरीच्या होडीत बसलो. धक्क्यावरच्या फलकावर ‘वारा मध्यम’ असे लिहिलेले होते. पत्नीने ते मला मोठ्याने वाचून दाखवले होते. वादळाची सूचना नव्हती.

होडी धक्क्याच्या आडोशातून बाहेर आली आणि शीड भरले. त्या वेळचा तपशील मला सांगता येणार नाही. पुढे मी चौथीच्या पुस्तकातली होडीची कविता म्हटली. आमचे गुरुजी ती छडीने टेबलावर ठेका धरून शिकवत, आणि वर्गातली सगळी बाके हळूहळू डोलू लागत. कवितेच्या ओळी जबाबात घेता येत नाहीत असे लिहून घेणाऱ्या हवालदारांनी सांगितले, म्हणून त्या येथे नाहीत.

सव्वाचारच्या सुमारास पश्चिमेकडे काळी रेघ दिसली असे भिंगरी म्हणाली. मला ती दिसली नाही. तिने तत्काळ होडी वळवली व शीड उतरवण्यास घेतले. इतक्यात वारा आला. शिडाचा दोर डोलकाठीच्या टोकाशी कप्पीत अडकला व शीड उतरेना. होडी एका अंगावर कलली व काठावरून पाणी आत येऊ लागले. पत्नी बादलीने पाणी उपसत होती.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. शीड कापडाच्या उभ्या पट्ट्या जोडून शिवतात. माझ्या उस्तादांनी मला शिकवले होते की प्रत्येक शिडात डोलकाठीपासून चौथ्या पट्टीची शिवण कच्च्या टाक्याने घालायची. वारा हाताबाहेर गेला की ती आपोआप उसवते, वारा आरपार जातो आणि होडी सरळ होते. “कापड परत शिवता येतं. माणसं नाही,” असे ते म्हणत. हे गिऱ्हाइकाला सांगायचे नाही, कारण तो लगेच ती शिवण पक्की करून मागेल. मी कोणालाच सांगितले नाही. पत्नीलाही नाही.

त्यामुळे मी भिंगरीला म्हणालो, “घाबरू नकोस पोरी, शीड आता उसवेल.” कुठल्याही कवितेची दोन कडवी होईपर्यंत शिवण सुटते असा उस्तादांचा हिशेब होता. मी दोन कडवी म्हटली. शिवण सुटली नाही. मी तिसरे सुरू केले. तेव्हा पत्नी ओरडली, “कविता पुरे! ते नाही उसवायचं. काप गं पोरी, काप!”

भिंगरीने माझ्याकडे बघून विचारले, “आजोबा, कापू?” मी होय म्हणालो व चौथी पट्टी हाताने दाखवली. तिने खालून हात-दीड हात सुरी चालवली. वरचे वाऱ्याने स्वतः फाडले. होडी सरळ झाली. वल्ही मारत आम्ही सहा वाजता धक्क्याला लागलो. कोणास इजा नाही. माझा चष्मा समुद्रात गेला.

भिंगरीने मुद्दाम शीड कापले अशी मालकांची तक्रार आहे, आणि तिचा परवाना बंदर कार्यालयाने जमा करून घेतला आहे. म्हणून मी शिडाचा तो तुकडा पिशवीतून आणून हजर केला आहे. माझा टाका लांब असतो, बोटाला कळतो. त्याच्यावरून दुसरा बारीक टाका दुहेरी मारलेला आहे. शीड आमच्या टेबलावर असताना मी दुपारी झोपत असे. अधू नजरेने माझा हात चुकला असे पत्नीला वाटले असावे, आणि माझे नाव जाऊ नये म्हणून तिने ती शिवण पक्की केली असावी. तिने मला सांगितले नाही. मीही काल रात्री विचारले नाही. चूक न सांगणाऱ्याची, म्हणजे माझी आहे. भिंगरीने मी सांगितले तसे केले, आणि आम्ही दोघे आज आपल्यासमोर कोरड्या कपड्यांत बसलो आहोत. तिचा परवाना तिला परत मिळावा.

मालक बाहेरच्या बाकावरून हे ऐकत होते. त्यांनी दारात येऊन विचारले, “बाकीच्या तीन शिडांतही आहे का ती शिवण?” मी ‘आहे’ म्हणालो. “म्हणजे ते शीड फाटायलाच हवं होतं,” ते म्हणाले. मग त्यांनी हवालदारांकडे तक्रार मागे घेण्याचा कागद मागितला आणि मला म्हणाले, “नवीन शीड कोण शिवणार? तुम्हाला तर दिसत नाही.” त्यावर पत्नी म्हणाली, “मी शिवीन. चौथी पट्टी ह्यांची.” ती पट्टी बोटांनी शिवता येते, हे मी खात्रीने सांगतो.

चष्मा नसल्याने वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. पत्नी शेजारी बसून ऐकत होती. तिने एक दुरुस्ती सांगितली: ‘दुहेरी’च्या जागी ‘तिहेरी’ असे घ्यावे. दुरुस्ती मला मान्य आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. सही कुठे करायची ती जागा पत्नीने माझे बोट धरून दाखवली, तेथे मी सही केली आहे.