दहाव्या दिवशी ‘दुरुस्त’

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे दाराशी उभे असलेले माझे जुने सहकारी,

दोन वर्षांपूर्वीची अकरा फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. सुरुवात इथूनच करते, कारण कॅप्टनसाहेबांचा आजचा निरोपसमारंभ खरा तेव्हाच ठरला. निमंत्रणपत्रिकेत ‘स्वेच्छानिवृत्ती’ म्हटलंय. छपाई सुरेख आहे.

त्या सकाळी ते विमानांचे बिघाड लिहून ठेवणाऱ्या आमच्या नोंदणी विभागाच्या खिडकीशी आले. “बाई, दहा दिवस झाले. आज तरी ऑटोपायलट देताय ना?”

“मी देणारी कोण? मी लिहिणारी.”

“मग काहीतरी बरं लिहा,” म्हणून हसले. मागे त्यांची सहवैमानिक उभी होती, वक्तशीर म्हणून जिला आपण ‘घड्याळ’ म्हणायचो. “चला काका, उशीर होतोय,” ती म्हणाली.

ऑटोपायलट बिघडला तरी दहा दिवस उडता येतं, असा नियम. ती मुदत त्या सकाळी संपत होती. आपले तांत्रिक विभागप्रमुख, उजवीकडून दुसरी खुर्ची (पाणी प्या साहेब, मला घाई नाही), मला म्हणाले, “अहो बाई, ‘दुरुस्त’ लिहून जुनी नोंद बंद करा, आजच्या तारखेने नवी उघडा. मिळाले आणखी दहा दिवस.”

मी लिहिलं. खोटं लिहिल्याबद्दल कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी ज्या बोटांवर पट्टी मारली होती, त्याच बोटांनी.

इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारं यंत्रही बंद होतं, आणि एक पडदा सारखा लुकलुकत होता. एकेक बिघाड नियमात बसत होता. तिन्ही मिळून दोन माणसांच्या चार हातांत बसतात का, हे विचारणारा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता.

दिवसभर कॅप्टननी विमान हातांनी पेललं. चौथ्या फेरीत, उतरता उतरता, धावपट्टी बदलल्याचा निरोप आला. नवे आकडे भरायला तिची मान खाली गेली. त्यांची नजर त्या लुकलुकत्या पडद्यावर. वेग जास्त राहिला. धावपट्टी संपली, विमान नाल्यात गेलं. प्रवासी आपल्या पायांनी बाहेर आले. घड्याळ आली नाही.

चौकशी समितीच्या अहवालात कारण काय? ‘वैमानिकाचे दुर्लक्ष.’ आणखी किती ठिकाणी लक्ष द्यायचं होतं हो त्यांनी? तिच्या आईला ते दर रविवारी फोन करतात. ती उचलते. ऐकून घेते आणि ठेवून देते.

मी आता निवृत्त आहे. माझा जबाब आणि नोंदवहीतल्या त्या ‘दुरुस्त’च्या पानाची प्रत आज सकाळीच त्याच चौकशी समितीकडे गेली. साहेब, ‘दुरुस्त’ लिहायला मला का सांगितलंत, याचं लेखी उत्तर येत्या तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत समितीकडे पोचवा. तोंडी चालणार नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात जे झालं ते मात्र पोटात घालू नका, कॅप्टन. त्याची माफी मागायला मला दोन वर्षं लागली. द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.