एकच रेघ

विमलताई (गावातली आशाताई) : दहा मिनिटं झाले, ममता. पट्टीवर रेघ एकच हाये.

ममता : मले मालूम होतं, ताई. माही पाळी चुकलीच नाही.

विमलताई : मंग तपासू कायले देलं? तुह्या सासूबाई तं आळीत जिलेबी वाटून आल्या.

ममता : त्यायनं मले मोरीत ओकताना ऐकलं. स्वतःच समजून घेतलं. म्या ‘नाही’ म्हटलं नाही. पट्टीवर चुकून दोन रेघा निघतीन, असं वाटलं.

विमलताई : हात दाखव. बोटाच्या गाठीवर हे वण कशाचे?

ममता : दाताचे.

विमलताई : घशात बोटं घालून राह्यली? कधीपासून?

ममता : दिवाळीपासून. हे हैद्राबादहून आलते. जाताना म्हणे, लय फुगली तू. मंग म्या सकाळचं जेवण सोडलं. पण सारे वावरात गेले, घर सुनं झालं, का हात थांबतच नाही. भाकरी, रातचं वरण, साखर, जे सापडलं ते. उभ्यानंच. चवबी लागत नाही. मंग लाज वाटते, अन् मोरीत जातो.

विमलताई : ही बिमारी हाये, ममता. तुही खोड नाही. ओकून ओकून दात झिजतात, काळजाचे ठोके चुकतात. सोमवारी यवतमाळले चाल. सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, मी येतो संगं. अन् सकाळी उपाशी राहू नको. उपाशी राह्यलं का दुपारी हात सुटतेच. वेळेवर खाय, कोणासंगं तरी बसून.

ममता : पाच दिवस झाले, मी ओकली नाही.

विमलताई : कशानं?

ममता : मले दिवस गेले समजून सासूबाई दुपारी वावरातून घरी येतात. समोर बसून वाढतात. लग्नाले तीन वर्षं झाले, ताई, या घरात माह्यासमोर कोणी बसलं नव्हतं. एक महिना नका सांगू त्याईले.

विमलताई : अन् महिन्यानं?

ममता : खरं सांगतलं तं बसतीन काय त्या?

विमलताई : ते मले सांगता येत नाही, बाई.

(सासूबाई मथुराबाई वावरातून येतात. लुगड्याला कापूस चिकटलेला.)

मथुराबाई : काय म्हणते विमल? कितवा महिना?

ममता : आई, खोटं नाही बोलवत मले. दिवस नाही गेले. मी लपून खातो, अन् मुद्दाम ओकतो.

मथुराबाई : मुद्दाम?

ममता : हो.

मथुराबाई : पुऱ्या आळीत जिलेबी वाटली म्या.

ममता : हो, आई.

मथुराबाई : हैद्राबादले रवीले फोन केला, बाप होतं म्हणून.

विमलताई : मथुराबाई, बिमारी हाये तिले. सोमवारी दवाखान्यात नेतो.

मथुराबाई : ने. ममता, जेवली काय तू?

ममता : नाही.

मथुराबाई : ताट घे.

ममता : अन् तुम्ही?

मथुराबाई : मले आज घास उतरत नाही. पण बसतो.