आईच्या फोटोची शाई

पेटी थोडी खाली घ्या, गोरेकाका. आणखी खाली... हां! आता माझंही चार लोकांना ऐकू येईल.

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच. खोटं बोलणारा मोठा पापी — की खरं माहीत असून तोंड मिटून उभा राहणारा? बोला! देवळात आलात म्हणून डोकं चपलांबरोबर बाहेर ठेवायचं नसतं! काय म्हणता काकू? खोटं बोलणारा? का बरं? — "गप्प बसणारा निदान कुणाला त्रास तर देत नाही!" वा! म्हणजे तुमच्या घरात गप्प बसणारं माणूस कुणी नाही वाटतं! भाग्यवान आहात.

या प्रश्नाचं उत्तर आज पुराणात शोधायचं नाही. आज शाईत शोधायचं. हसू नका! शाईत! घरात तो छपाईचा डबा असतो ना, प्रिंटर, त्याच्या शाईत!

काय यंत्र आहे महाराज! घ्यायला जावं तर केवढं स्वस्त! दुकानदार हसत हसत हातात ठेवतो. मग शाई संपते, आपण नवी आणायला जातो, आणि तेव्हा कळतं तो हसत का होता! घोडा जवळजवळ फुकट — चंदी मात्र सोन्याची! बरं, काळ्या अक्षरांचं एक पान काढायचंय. काळी शाई काठोकाठ भरलेली. यंत्र म्हणतं — पिवळी संपली, नाही काढत! अरे बाबा, पिवळीचा इथं संबंध काय? लोणचं संपलंय म्हणून आज भातही मिळणार नाही, असं घरात कुणी म्हणालं तर चालेल का? यंत्राचं चालतं! मग माणूस वैतागतो, बाजारातून दुसऱ्या कुणाची स्वस्तातली शाई आणून बसवतो. तर यंत्र विचारतं — ही कोण? हिची ओळख पटत नाही! घर तुमचं, वीज तुमची, कागद तुमचा — आणि सोवळं त्याचं!

तेव्हा कुणी बाहेरची शाई वापरली, तर मी त्याला पापी म्हणणार नाही. शहाणासुद्धा म्हणेन. कुणी कंपनीचीच घातली, तर त्याचीही हरकत नाही. ज्याची त्याची ऐपत आणि ज्याची त्याची हौस. पण मंडळी, एक तिसरा प्राणी असतो. दोन्ही बाळगणारा! त्याचं हे आख्यान.

गावाचं नाव सांगत नाही. तिथले पाहुणे इथं बसलेत. प्रसाद न घेता उठून गेले तर बरं दिसणार नाही. त्या गावात वसंतराव धुपकर नावाचे गृहस्थ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. निवृत्त म्हणजे नोकरीतून — रुबाब अजून चालूच! घरात बायको सुनंदाबाई, आणि वसंतरावांची म्हातारी आई, उमाआजी. धाकटी बहीण शैला, अगदी शेंडेफळ, बडोद्याला दिलेली. झाली माणसं. एवढीच लक्षात ठेवा. तबलजी, तुम्हीसुद्धा!

या वसंतरावांच्या तोंडात एक शब्द कायम — ओरिजिनल! हिंग ओरिजिनल, तूप ओरिजिनल, मनगटावरचं घड्याळ ओरिजिनल. दुसऱ्याच्या घरी गेले की कपबशी उलटी करून खालचं नाव वाचायचे. चहा आत असताना!

कॉलनीत रंगीत प्रिंटर त्यांच्याकडेच. येईल त्याला ऐकवायचे, "आमच्याकडे शाई फक्त कंपनीची! बाहेरची शाई म्हणजे यंत्राला विष!" लोक बिचारे भारावून जायचे. कुणी लेकीचा स्थळासाठी फोटो काढून न्यायचं, कुणी नातवाच्या बारशाचा. वसंतराव एक पै घेत नसत. समाजसेवा! फोटो द्यायचा, चहा घ्यायचा, बाहेर थांबायचं. वसंतराव आतल्या खोलीत जाणार, दार लोटून घेणार. आतून आवाज — कट् कट्. खट्! मग यंत्राची घरघर.

तो कट् कट् कशाचा, कळलं का? खणात शाईचे दोन संच! एक कंपनीचा. दुसरा बाजारातला, हलक्यातला हलका! लोकांचं काम आलं की कंपनीची डबी काढायची, हलकी बसवायची. लोक गेले की पुन्हा उलट. यंत्र कुरकुरायचं, ओळख पटत नाही म्हणून. वसंतराव बटण दाबून म्हणायचे, "चालव! लोकांचंच आहे!"

आणि मंडळी, अजाणतेपणी नव्हे हं! शाई विकणाऱ्यानं तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, बाहेरचीच हवी तर जरा बरी घ्या, कंपनीच्या तोडीची आहे माझ्याकडे. ही घेतलीत तर अक्षरांपुरतीच वापरा. फोटोला नको. पाणी लागलं की पळते." त्यावर वसंतराव म्हणाले, "पळू दे की. आम्हाला कुठं ठेवायचेत ते फोटो?"

काय हो बायांनो, ओळखीचं वाटतंय का काही? मान खाली का गेली? देण्याघेण्यातल्या साड्या! कपाटाच्या खालच्या कप्प्यात! आपण नेसायची ती वेगळी, द्यायची ती वेगळी. ती बिचारी साडी गावभर फिरते आणि एक दिवस तुमच्याच ओटीत येऊन पडते. तुम्ही घडीवरून ओळखता — आणि म्हणता, "अय्या, किती गोड रंग!" पुरुषांनी हसू नये! तुमच्या वाढदिवसाला आलेली भिंतीवरची घड्याळं पुढच्या लग्नसराईत कुठं जातात, ते मला ठाऊक आहे. तर वसंतरावांनी देण्याघेण्यातली शाई काढली होती!

देणाऱ्याच्या दोन ओंजळी । एक उजळ एक काळी ।
देव पाहे कोणती दिली । हात धुता धुता ॥

ही ओवी माझीच आहे हो. उगाच कुणा संताच्या नावावर खपवत नाही. आजच्या विषयाला शोभायचं नाही ते!

आणि एक दिवस उमाआजी गेली. झोपेत गेली. दुखणं नाही, खुपणं नाही. सोनं झालं म्हातारीचं. शैलाला फोन गेला. ती बडोद्याहून नेसत्या लुगड्यानिशी निघाली. वाटेतून सारखी फोन करत होती — "दादा, आले रे, थांबा!" वसंतराव म्हणाले, "किती वेळ ठेवायचं? लोक खोळंबलेत." ती दारात पोचली, तेव्हा आईला नेलेलं होतं! रिकामी कॉट. उशीला पडलेला खळगा तेवढा शिल्लक. ती पोर त्या कॉटशी बसली, आणि एकच वाक्य — "आई दसऱ्याला म्हणाली होती, ये गं. मी म्हटलं, दिवाळीला येते."

लेकीबाळी परगावी दिल्यात ना तुमच्या? मग पुढं सांगायला नको.

तेरावा आला. पाटावर ठेवायला फोटो हवा. शैलाच्या फोनमध्ये एक होता, तिनंच काढलेला. आजी अंगणात शेंगा सोलत बसलीये आणि खदखदून हसतेय. वसंतराव आतल्या खोलीत गेले. दार लोटलं. आणि आवाज आला — कट् कट्. खट्!

हो! हो मंडळी! तीच!

सुनंदाबाई दारातून म्हणाल्या, "अहो, आईंचा फोटो आहे. ती नका घालू."

"अगं, तेराव्यापुरता तर हवाय! पुढं स्टुडिओतून काढू, सागवानी फ्रेम करू, काच लावू. आज पुठ्ठ्यावर चिकटवतो. एवढ्या मोठ्या फोटोला कंपनीची निम्मी डबी रिकामी होईल!"

ऐकलंत? जिनं नऊ महिने पोटात वागवलं, ती देण्याघेण्यात निघाली! मंडळी, माणूस आधी शेजाऱ्याला हलकं देतो. मग देवाला देतो. हाताला एकदा सवय लागली की हात आईपाशी येऊन थांबत नाही! थू!

तेराव्याला घर भरलं. पाटावर फोटो, बाजूला समई. येणारा प्रत्येक जण म्हणे, "अगदी जिवंत वाटते हो आजी!" वसंतराव हात जोडून म्हणत, "घरीच काढला. ओरिजिनल!"

शैला पुढं आली. वाटीत गंध उगाळलेलं, जरा पातळच झालेलं. तिनं बोट बुडवलं, "आई" म्हणाली आणि फोटोच्या कपाळाला लावलं. वरून हार घातला, ताजा, पाणी मारलेला. आणि एक ओघळ निघाला! डोईवरच्या पदराचा काळा रंग भुवईवर आला. भुवईवरून डोळ्यात. डोळ्यातून गालावर! हसणारी आई सगळ्यांदेखत रडायला लागली!

"अगं बाई! उमा रडली!" वसंतरावांची आत्या किंचाळली. झालं! कुणी हात जोडले, कुणी नाक घासलं, एकानं फोन काढून शूटिंग सुरू केलं. चमत्कार! दुसरी म्हणाली, "म्हातारीचं काहीतरी राहून गेलंय." तिसरी म्हणाली, "कुणाची तरी वाट पाहिलीन् हो शेवटी."

आणि शैला कोसळली. पाटाच्या कडेवर डोकं आपटायला लागली! "माझ्यासाठी रडतेय! वाट बघितली माझी! दिवाळीला येते म्हणाले मी... आई, आता जन्मात दिवाळी करायची नाही मी! माझ्या घरात पणती लागायची नाही!"

बडोद्याला तिची दोन लहान पोरं, मंडळी. पणती लागायची नाही म्हणते!

आणि समोर कोण उभं होतं? वसंतराव! सगळं माहीत असलेले! काय हवं होतं त्या क्षणी? होम नको, शांत नको, दानधर्म नको. एक वाक्य! "शैले, ऊठ. मी हलकी शाई घातली." संपलं! बहीण सुटली! पण मग ओरिजिनलचं काय व्हायचं? चारचौघांतल्या नाकाचं काय?

वसंतराव उभेच. बहिणीच्या कपाळाला टेंगूळ आलं, वसंतराव उभेच. आणि मग बोलले हो, बोलले! डोळे मिटून, हात जोडून म्हणाले, "आईची माया... तिला सगळं कळतं."

अरे! अरे निर्लज्जा! कुणाला हात जोडतोयस? बाजारातल्या डबीला?

सुनंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. इतकी वर्षं दारातच उभ्या राहिलेल्या बाई त्या. आतल्या खोलीत गेल्या. वसंतरावांच्या सत्काराचा, घरीच छापलेला फोटो भिंतीवर टाचलेला होता, शाल नारळ घेतलेला. तो उपसून आणला. दुसऱ्या हातात फुलपात्र. शैलापाशी बसल्या आणि भरलं फुलपात्र नवऱ्याच्या तोंडावर ओतलं! फोटोतल्या हो! इतकं नशीब कुठलं!

"वन्सं, इकडं बघा. बघा म्हणते ना! ह्यांच्या तोंडावर पाणी ओतलं. रंग हलला का? नाही हलायचा. ही कंपनीची शाई आहे, स्वतःसाठी ठेवलेली. आईंना ह्यांनी लोकांची घातली. आई रडल्या नाहीत हो! आई झोपेत गेल्या, शांत गेल्या. आदल्या संध्याकाळी मला तुमचंच लहानपण सांगत होत्या, आणि हसत होत्या. हा नुसता रंग उतरलाय, वन्सं. नुसता रंग!"

मागून एक बारीक आवाज आला, "म्हणजे आमच्या मंजूचा फोटो पाहुण्यांच्या हातात डागळला तो..." शेजाऱ्यांचं दुःखही खरंच, पण जागा चुकली जरा.

वसंतराव पुटपुटले, "अगं, एवढ्याशा शाईचं चारचौघांत..."

शैला उठली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "दादा, शाईचं मला काही नाही. तू कोळशानं काढली असतीस ना आई, तरी मी पाया पडले असते. पण मी इथं डोकं आपटत होते. तू समोर उभा होतास. आणि तुला माहीत होतं."

वसंतराव सत्काराच्या फोटोवरचं पाणी रुमालानं पुसायला लागले!

ती निघाली तेव्हा तो ओघळलेला फोटो छातीशी धरून निघाली. वसंतराव मागं धावले, "थांब, चांगला काढून देतो! कंपनीच्या शाईत!" ती म्हणाली, "नको." आणि गाडीत बसली. सुनंदाबाई फाटकापर्यंत गेल्या, गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या.

हं. आता सांगा काकू, गप्प बसणारा त्रास देत नाही ना?

तुम्ही सगळे आत्ता मनात वसंतरावांना शिव्या देताय. द्या! दुसऱ्याला शिव्या देणं हे सगळ्यात सोपं पुण्य. तुमच्याकडे प्रिंटर नाही, म्हणजे तुम्ही सुटलात? सून स्वयंपाकघरात डोळे पुसतेय, आमटी खारट झाली म्हणून — आणि दुसऱ्यांदा मीठ कुणी टाकलंत, सासूबाई? कचेरीत हाताखालचा माणूस बोलणी खातोय, चूक तुमची, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघताय, साहेब! आणि कुणाचा तरी भाऊ असेल. वडील माझ्यावर रागावूनच गेले, असं धरून आयुष्य काढतोय तो. वडिलांनी जाताना त्याचंच नाव घेतलं होतं. उशाशी तुम्ही होतात. तुम्ही ऐकलंत. सांगितलंत त्याला? का नाही सांगितलंत? तो रडतोय तर बरं वाटतंय का?

दुसऱ्याचं रडणं थांबवणारं एखादं वाक्य ज्याच्याजवळ अडकून पडलंय, त्यानं आत्ता उठावं. बाहेर जावं. फोन लावावा. देवाच्या आरतीला उशीर झाला तरी चालेल. देवाला तुमची वाट बघायची सवय आहे. उठा!

...

कुणीच नाही? एवढ्या भरल्या देवळात एकही नाही? वा! सगळे कसे हात जोडून बसलेत! वसंतरावसुद्धा असेच हात जोडून उभे होते.

निरांजन लावू नका अजून. मी थांबतो.