वाटीतली क्लिप

हसू नका, पण मला आधी खटकले ते ऑइलचे थेंब. आमच्या जुन्या व्हॅनचा पॉवर स्टिअरिंगचा गळका पंप बाबांनी घरीच दुरुस्त केला होता, आणि आईला घेऊन ते वेरूळला निघाले होते. थेंब मात्र पार फाटकाबाहेर गेलेले.

काढलेले नटबोल्ट हरवू नयेत म्हणून बाबा ते आमटीच्या वाटीत ठेवतात. धावत जाऊन बघितलं, तर वाटीत पंपाच्या नळीची क्लिप तशीच पडलेली. पुढं दौलताबादचा घाट होता. आईनं फोन उचलला नाही. मग बाबांना लावला, लावतच राहिले. शेवटी त्यांनी उचलला.

"बोल लवकर. घाटात आहे, स्टिअरिंग लई जड झालंय. दोन्ही हात लागतायत, त्यातला एक तुझ्या फोनला दिलाय."