वहिनींचं ताक आणि पीएच मीटर

आमच्या राजुरीच्या दत्ताभाऊचं डोकं काही औरच हाय, राव! द्राक्षांच्या फवारणीचं पाणी किती आंबट ते तपासायला त्यानं पीएच मीटर आणला. त्याची कांडी, म्हंजी इलेक्ट्रोड, आधी ठरलेल्या आंबटपणाच्या द्रावणात बुडवून आकडा जुळवावा लागतो. ते द्रावण ह्यानं सांडलं.

म्हणला, “आमच्या हिचं ताक मी मोजून ठेवलंय. रोज तेवढंच आंबट. त्याच्यावरच जुळवतो!”

पुढं वहिनी माहेरी, आणे गावाला गेल्या; घरात ताक न्हाई आन् मीटर भरकटला. भाऊनं आमच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

“लवकर ये गं, तुझ्याबिगर लई अडलंय.”

“अगंबाई! एवढी आठवण येती व्हय?”

“मीटर जुळवायचाय.”

फोन कट.

संध्याकाळी भाऊ दाढीबिढी करून एसटीची वाट बघत उभा. वहिनी काय आल्या न्हाईत. कंडक्टरनं ताकाची बाटली तेवढी हातात दिली.