कोमट पाणी

(विषुववृत्तावरचं इसाबेला बेट. काळ्या खडकातल्या कपारीत एक पेंग्विन अंड्यांवर बसला आहे; कपारीपुढे बापलेकीची होडी थांबली आहे.)

नेरेइदा : बाबा, टोपीखाली काय लपवलंय?

एवारिस्तो : डोकं.

नेरेइदा : डोक्याला तारलीचा वास येतोय.

एवारिस्तो : जन्म मासेमारीत गेला, दुसरा कसला येणार? एकच आहे, पोरी. त्या पेंग्विनपुढे टाकतो नि गप्प बसतो.

नेरेइदा : अभयारण्याच्या होडीतून? माझी नोकरी घालवाल. शिवाय मासा घ्यायला तो उठला, की अंड्यांवर खेकडे तुटून पडतील.

एवारिस्तो : मग त्याची बायको कधी येणार?

नेरेइदा : एव्हाना पाळी बदलायला हवी होती. पाणी कोमट झालंय, मासळी लांब गेलीय. आणि बायकोच गेलीय हे कशावरून? वरून बघून नर-मादी मलाही सांगता येत नाही.

एवारिस्तो : मला येतं. बाई गेलीय, बाप्या बसलाय. मीही बसलोच होतो की, तुला घेऊन. तेव्हाही पाणी असंच होतं.

नेरेइदा : आई पलीकडे ग्वायाकिल शहरात कामाला गेली होती.

एवारिस्तो : आणि तिथलीच झाली. ते सोड. बघ, ऊन कपारीत शिरलंय. पाय भाजू नयेत म्हणून कशी पंखांची सावली धरलीय! धापा टाकेल, पण हा गडी हलायचा नाही.

नेरेइदा : बाबा... उठला.

एवारिस्तो : पाय मोकळे करत असेल.

नेरेइदा : पाण्याकडे निघालाय.

एवारिस्तो : ए! अरे, मागे फिर! उघडी टाकून कुठे चाललास?

नेरेइदा : ओरडू नका. गेला तो.

एवारिस्तो : बाप असा उठून जातो?

नेरेइदा : उपाशी बसून राहिला असता, तर अंड्यांबरोबर तोही संपला असता. आता जगला, तर पाणी गार झाल्यावर पुन्हा घरटं करील.

एवारिस्तो : मी नव्हतो उठलो.

नेरेइदा : तुमच्या दाराशी शेजारणी भात आणून ठेवत होत्या, बाबा. तिकडे आईला कोण देत होतं?

एवारिस्तो : ...खेकडे आले बघ.

नेरेइदा : तिकडे पाहू नका. निघू या आपण.

एवारिस्तो : थांब, एकदम वेग घेऊ नकोस. हळू काढ होडी. तो इथेच कुठेतरी पाण्याखाली असेल.